कांतीशेठची चिप, खोडीसकट

कांतीशेठ गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी उठावणा होता, म्हणजे त्यांच्यातली शोकसभा. बदनापुरात स्टेशन रोडला मंडप टाकल्ता, मोठा फ्लेक्स लावल्ता, आन फ्लेक्सवर शेठ हसून राह्यला होता. फोटो पोरीच्या लग्नातला असणार, फोटोवाल्यानं दमदाटी करून हसवलेला. एकेक जण माईक धरून बोलला. एक म्हणला, मृदुभाषी. एक म्हणला, दानशूर. एक म्हणला, तरुणांचे प्रेरणास्थान. मी मागं सतरंजीवर बसल्तो. मृदुभाषी ऐकल्यावर मला असा ठसका लागला की शेजारच्यानं पाणी आणून दिलं.

मला कुणी बोलायला उठवलं न्हाई. मी मेंढरामागं जिंदगी घातलेला धनगर, शाळा चौथीपर्यंत. पण माझं अक्षर चांगलं हाय, डोळे शाबूत हायेत, आन त्या माणसाला मी जितकं ऐकलंय तितकं त्या माईकवाल्यांपैकी एकानंबी ऐकलेलं न्हाई. म्हणून मीच लिहितो.

आधी मृदुभाषीचं बघू. शेठचं बी-बियाण्याचं दुकान. बापाचं, आज्याचं, राजस्थानातून आले तवापासूनचं. गिऱ्हाईक आलं की दुसरे दुकानदार चहा सांगतात. शेठ विचारायचा, "रान कसलं?" गिऱ्हाईक म्हणायचं, "मुरमाड." शेठ म्हणायचा, "मंग ही कपाशी तुला कोणी सांगितली? सासऱ्यानं? सासऱ्यालाच पेर." लोक शिव्या देत जायचे आन पुढच्या साली परत यायचे, कारण शेठ प्रत्येक नवा माल आधी सोता उगवून बघायचा. ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचा, रोज उलगडून बघायचा. एकदा कंपनीचा एजंट आल्ता, टाय लावून. तो आन चार शेतकरी दुकानात असताना शेठनं गोणपाट उलगडलं आन त्याच्यासमोर धरलं. अर्धे दाणे झोपलेले.

एजंट म्हणला, "शेठजी, थैलीवर बघा ना, उगवण छापलेली आहे."

शेठ म्हणला, "थैली पेरायची हाय का?"

एजंट परत त्या गल्लीत दिसला न्हाई. तर असा हा मृदुभाषी.

आता माझं ठिकाण सांगतो. मी मूळ केदारखेड्याकडचा. गुडघे गेले तवा मेंढरं विकली, चार शेळ्या ठेवल्या आन बदनापुरात शेठच्या दुकानामागच्या तुकड्यावर येऊन राह्यलो. दुकानाच्या मागं एक पत्र्याची खोली होती, तिची खिडकी माझ्या अंगणात उघडायची. माझी बाज खिडकीखाली. तो आत, मी बाहेर, मधी गज. तो मला आप्पा म्हणायचा, मी त्याला शेठ म्हणायचो आन अरेतुरे करायचो. वयानं मी मोठा, तिथं शेठ असला तरी काय.

खोलीत शेठ दोन यंत्रं घेऊन बसायचा. एक साधा कॉम्प्युटर, सगळ्यांकडं असतो तसा. दुसरं एक जुनं धूड, ट्रंकेएवढं, पिवळं पडलेलं, चालू केलं की पिठाच्या गिरणीसारखं घुमायचं. पहिले काही दिवस मी समजलो हा दुकानाचा हिशेब करतो. पण हिशेब करणारा माणूस स्क्रीनला "तुझ्या आईला" म्हणत न्हाई. मंग मी विचारलंच.

"शेठ, काय करून राह्यला रे दिवसभर?"

"एम्युलेटर."

"ते कशाशी खातात?"

शेठनं खुर्ची खिडकीकडं फिरवली. "आप्पा, बहुरूपी बघितला का तुमी? फौजदार बनून येतो तो?"

"बघितलाय की. एकदा तर मी सलाम ठोकल्ता."

"तसंच. हा नवा कॉम्प्युटर बहुरूपी हाय. आन ते जुनं धूड हाय खरा फौजदार. त्या धुडाच्या आत जी चिप हाय, प्रोसेसर म्हणतात त्याला, ती जशी विचार करती तसाच विचार ह्या नव्यानं करायचा. जुन्या चिपसाठी लिहिलेला प्रोग्राम ह्याच्यात टाकला तर त्या प्रोग्रामला कळलंच न्हाई पाहिजे की आपण सोंगाच्या दारात आलोत."

"मंग खऱ्यालाच का सांगत न्हाई काम?"

"खरा मरून राह्यलाय. ही चिप बनवणं बंद झालं. जगात अशी यंत्रं आता बोटावर मोजायला उरली. पण तिच्यासाठी लिहिलेले प्रोग्राम कुठं कारखान्यात चालून राह्यलेत, कुठं दवाखान्यात. शेवटचं यंत्र बंद पडलं की ते सगळे मुके."

शेठ पुण्यात शिकला आन बंगळूरला ज्या कंपनीत लागला, तिथंच ती चिप बनायची. सगळी जवानी त्यानं तिच्यासाठी प्रोग्राम लिहिण्यात घातली. मंग कंपनी विकली गेली, घेणाऱ्यानं चिप बंद केली, आन त्याच टायमाला बाप अंथरुणाला खिळला. शेठ दुकानावर बसायला परत आला. परत येणारी माणसं भांडीकुंडी आणतात, कपाट आणतात. ह्यानं ते धूड आणलं, बारदानात गुंडाळून, आन पुष्पाभाभी, म्हणजे त्याची बायको, टेम्पोत धुडाला टेकून बसून आली. ती सांगायची, "माझी सवत हाय ती. पण चांगली हाय, बोलत न्हाई." पावसाळ्यात मुगाच्या मंगोड्या, म्हणजे मारवाडी सांडगे, वाळत न्हाईत, तवा भाभी धूड चालू करून ताट त्याच्यावर ठेवायची. चालू झालं की धुडाचं डोकं तव्यासारखं तापायचं. शेठ ओरडायचा. भाभी म्हणायची, "इतक्या वर्षांत तिनं घरात केलेलं हे एकच काम हाय, ते तरी करू द्या."

आन हे सगळं फुकट. हे मला लई दिवस पचलं न्हाई.

"फुकट म्हणजे कसं? तू मारवाडी, शेठ."

"म्हणून तर लोकांना खरं वाटत न्हाई."

त्यानं सांगितलं ते असं: जगातले लोक मिळून एक मोठा प्रोग्राम लिहितात. कुणी कुणाचा नोकर न्हाई. लिहिलेलं सगळं उघडं, कुणीबी बघावं, न्यावं, सुधारावं. मी माझ्या डोक्यात त्याचं गाव केलं. त्या गावात प्रत्येक चिपचं एक घर. ज्यानं त्यानं आपलं घर सांभाळायचं. शेठकडं त्या मेलेल्या चिपचं घर. आन गावाला एक पाटील, कुठल्या तरी बर्फाच्या मुलखातला. त्याचं नाव मला बोलता यायचं न्हाई, म्हणून मी पाटीलच म्हणायचो, आन पुढं पुढं शेठबी पाटीलच म्हणायला लागला. पाटलाचा कायदा असा: ज्या घराचा मालक हाक मारली तर ओ देत न्हाई, किंवा ज्या घराचं खरं-खोटं कुणाला तपासता येत न्हाई, ते घर पाडायचं.

शेठ काही नवं लिहून पाठवायचा की तिकडचे लोक त्यात खोट काढायचे. ती पत्रं शेठ मला खिडकीतून वाचून दाखवायचा, मराठी करून. मी म्हणायचो, लई अदबीची माणसं हायेत. शेठ म्हणायचा, "तुमाला त्यांची भाषा कळत न्हाई आप्पा. हा लिहितो, 'कदाचित मलाच समजलं नसेल.' ह्याचा अर्थ, गाढवा. हा लिहितो, 'कल्पना रोचक आहे.' म्हणजे, उचल आन चालू लाग. आन पाटील नुसतं 'हम्म' लिहितो." हम्म आला त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकांचं काही खरं न्हाई.

एकदा आमचं भांडण झालं. इंटरनेटची वायर माझ्या अंगणातून गेल्ती, ती तुटली. शेठ म्हणला, तुमच्या शेळीनं खाल्ली. मी म्हणलो, माझी शेळी वायर खात न्हाई. तो म्हणला, दाताचे निशाण बघा. मी म्हणलो, उंदराचे हायेत. पंधरा दिवस आम्ही बोललो न्हाई. तो आत, मी बाहेर, दोघंबी खोकून दाखवायचो. त्यानं पाटलाला कळवलं, उशीर झाला कारण शेजारच्याच्या शेळीनं वायर खाल्ली. तवापासून तो बर्फातला पाटील प्रत्येक पत्रात खाली विचारायचा, शेळी कशी आहे? सगळ्या जगात माझ्या शेळीची बदनामी केली त्या माणसानं. ती वायर उंदरानंच खाल्ली होती. आजबी सांगतो.

शेठची वेळ ठरलेली. जैन माणूस, दिवस बुडायच्या आत जेवून मोकळा. पावसाळ्याच्या तोंडाला पेरणीची गर्दी, दसऱ्या-दिवाळीपासून हरभरा-गव्हाची गर्दी, तवा धूड झाकून ठेवायचा. बियाणेवाल्याला खरी सवड उन्हाळ्यात. एप्रिल-मेमधी रस्त्यावर कुत्रं न्हाई, दुकानात माशी न्हाई. तवा शेठ डोक्याला ओला पंचा गुंडाळून, पत्र्याच्या खोलीत बसून खऱ्या चिपला प्रश्न विचारायचा आन बहुरूप्याला तेच विचारायचा. उत्तर जुळलं तर ठीक. न्हाई जुळलं की शेठचा चेहरा खुलायचा.

"आप्पा, खरी चिप चुकून राह्यली!"

"मंग बरं हाय की. तुझं सोंग शहाणं निघालं."

"कसलं बरं? फौजदार लंगडत असंल तर बहुरूप्यानं लंगडलंच पाहिजे. खऱ्यात खोड हाय ना, मंग सोंगात तीच खोड बराबर पाहिजे. जुने प्रोग्राम त्या खोडीसकट जगायला शिकलेत. खोड काढली तर ते पडतील."

माणसं दुसऱ्याचे गुण घेतात, हा खोडी गोळा करून राह्यला होता. पहिली खोड अशी होती: एक ठराविक भागाकार, त्यात संख्या शून्याच्या खालची असली की बाकी उलटी यायची. पाटील ऐकेना. म्हणे, चिपच्या पुस्तकात असं लिहिलेलं न्हाई. शेठ म्हणे, पुस्तक चालवायचं का चिप? दोन उन्हाळे ते भांडले. शेठ बीपीच्या गोळ्या खायला लागला ते तवापासून. शेवटी पाटलानं "हम्म, ठीक आहे" लिहिलं, आन शेठनं दुकानातल्या पोत्यांवर उभं राहून मला हाक मारली. त्या खोडीवर त्यानं पुढचं सगळं रचलं. अजून काही खोडी सापडल्या, सगळ्या प्रोग्रामात घेतल्या गेल्या, कारण आता पाटील शेठच्या शब्दावर चालायचा. त्या गावात दुसऱ्या कुणाकडं खरं यंत्रच उरलं नव्हतं.

मंग पोरीचं लग्न निघालं, भर उन्हाळ्यात. आख्खा मे महिना शेठ मंडपवाले आन आचाऱ्यांच्या तोंडी लागला. धूड झाकलेलंच. त्याची भूक मंग हिवाळ्यात निघाली. संक्रांतीच्या आसपास एक दिवस दुकान लवकर बंद करून तो बसला, सगळ्यात ताजी खोड परत तपासायला. मी बाहेर शेकोटी करून बसल्तो.

आतून काही आवाज येईना. शिवी न्हाई, काही न्हाई. मी उठून गजाला डोकं लावलं.

"काय झालं रे?"

"बराबर सांगून राह्यली."

"कोण?"

"चिप. खोड दाखवत न्हाई. शहाण्यासारखं बराबर उत्तर देऊन राह्यली."

थंडी सरेपर्यंत तो वायरींना दोष देत बसला. वायरी बदलल्या, आतली धूळ काढली, तालुक्याच्या विजेला शिव्या घातल्या. काही केल्या खोड येईना. होळी गेली, पत्रा तापायला लागला, आन एका दुपारी खोड परत आली. आपण होऊन. शेठ खिडकीत येऊन उभा राह्यला. तोंडावर रंग न्हाई.

"आप्पा, ही चिपची खोड न्हाई. उन्हाची हाय. धूड तापलं की चुकतं. मी सगळी तपासणी उन्हाळ्यात केली. सगळी! इतके वर्षं मी ह्या पत्र्याखालचा उन्हाळा मोजत बसलो आन जगाला सांगितलं ही चिप हाय."

मला हसू आलं. दाबलं, पण आलं. बर्फाच्या मुलखातली माणसं आपल्या कॉम्प्युटरमधी बदनापूरचा मे महिना चालवून राह्यली होती आन त्यांना पत्ताच न्हाई.

"हसू नका," शेठ म्हणला. "पहिलीबी उन्हाचीच असंल तर? मंग माझं सगळं घरच उन्हाचं."

"पाटलाकडं असलं धूड हाय का?"

"न्हाई."

"अजून कुणाकडं?"

"चालू असलेलं, लिहिणाऱ्यांपैकी तरी कुणाकडं न्हाई."

"मंग गप बस. कोण सांगायला चाललंय? शेळीचं सांगितलं तसं हे सांगायची गरज न्हाई."

भाभी मागं ताट घेऊन उभी होती. ती म्हणली, "सांगून टाका. न्हाई सांगितलं तर हे तोंड मला वर्षभर बघावं लागंल."

शेठ माझ्याकडं बघून म्हणला, "उगवलं न्हाई तर बियाणं परत घेतो का न्हाई मी?"

"घेतो. शिव्या देऊन घेतो."

"मंग?"

त्यानं त्याच दिवशी लिहिलं. मला वाचून दाखवलं. लांबलचक नव्हतं. माझ्या खोलीवर पत्रा आहे, माझ्या गावी उन्हाळा कडक असतो, मी तपासणी उन्हाळ्यातच करतो, त्यामुळे मी कळवलेल्या खोडींपैकी काही चिपच्या नसून बदनापूरच्या आहेत, कोणत्या ते सांगता येत नाही, माफी असावी.

उत्तरं आली. एकानं विचारलं, खोली इतकी तापते तर तिथं माणसं कशी चालतात? शेठनं कळवलं, तीपण चुकतात. बाकीचे अदबीनं बोलले, म्हणजे तुमाला कळलंच असंल. आन मंग पाटलाचं आलं. शेळीचं विचारलं नव्हतं, तवाच मी समजलो. पाटील म्हणला, खरं सांगितल्याबद्दल आभार. पण आता त्या यंत्राचा भरवसा राह्यला न्हाई, आन ते एकच यंत्र आहे. नवी आवृत्ती पावसाळ्याच्या तोंडाला निघेल. तोवर थंड जागेत सगळं परत तपासून दाखवा. निदान पहिली खोड खरी निघाली पाहिजे, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. न्हाई तर हे घर काढावं लागेल.

आता बदनापुरात उन्हाळ्यात थंड जागा कुठून आणायची? भाड्यानं एसी आणला. एसी सुरू झाला की व्होल्टेज पडायचं आन धूड बंद. धूड सुरू झालं की एसी बंद. सासू-सुनेसारखं. मंग पाण्याचा कूलर लावला, तर धुडाला पडसं झालं. आतून ठिणगी उडाली, शेठ उपाशी बसला त्या दिवशी. मी म्हणलो, माझ्या बाजेखाली सावली हाय. तो चिडला.

सुचलं ते दुकानामुळंच. बियाणं उन्हात मरू नये म्हणून जालन्यात मोठं कोल्ड स्टोरेज हाय. भिंती जाड, दार लोखंडाचं, आत पोत्यांच्या थप्प्या आन हिवाळ्याच्या पहाटेसारखा गारठा, त्यात जनरेटर. तिथला मॅनेजर शेठला ओळखायचा, म्हणजे शेठच्या शिव्या खाल्लेला होता. त्यानं विचारलं, "शेठजी, कोणतं बियाणं ठेवायचंय?" शेठ म्हणला, "एक कॉम्प्युटर आन मी." त्याला वाटलं उन्हानं शेठचं डोकं फिरलं असावं. पण हो म्हणला.

अडचण कपड्यांची. मे महिन्यात स्वेटर कुठं ठेवलाय ते भाभीला सापडेना. शेठ माझ्याकडं आला.

"आप्पा, घोंगडी द्या."

"घोंगडी मी एकटी देत न्हाई. जिथं घोंगडी तिथं मी."

म्हणून मी गेलो. टेम्पोत मागं धूड गादीवर झोपवलं, शेठ त्याच्यावर हात ठेवून बसला, मी घोंगडी मांडीवर घेऊन. वाटेत मी म्हणलो, "जर खोटी निघाली तर?" तो म्हणला, "मंग सगळी जिंदगी मी पत्र्याला सलाम ठोकला."

रोज सकाळी तो आत जायचा. माकडटोपी, माझी काळी घोंगडी, पायात भाभीनं शोधून काढलेले लग्नातले मोजे. लोखंडी दार लागायचं. मी बाहेर शेडमधी हमालांबरोबर बसायचो. हमाल विचारायचे, आत काय करतो शेठ? मी सांगायचो, चिपला थंडीत उभं करून जबानी घेतो. एकेक खोड खोटी पडून राह्यली होती. ताजी पडली. तिच्या आधीची पडली. जेवायला बाहेर यायचा तवा नुसती मान हलवायचा, पोळी हातात घेऊन तशीच ठेवायचा. पहिली खोड त्यानं शेवटी ठेवली होती. मी म्हणलो, आधी तीच का न्हाई बघत, एकदाचा निकाल लागंल. तो म्हणला, "हिंमत न्हाई, आप्पा." त्या तोंडातून हा शब्द मी आधी ऐकला नव्हता.

त्या दिवशीची दुपार. आदल्या दिवशी वळवाचे चार थेंब पडून गेल्ते, हवा दमट, शेडच्या बाहेर डांबर चिकटत होतं. हमाल उघड्या अंगानं पडलेले. आन लोखंडी दार धाडकन उघडलं.

शेठ बाहेर आला. माकडटोपी, घोंगडी, आन चष्म्यावर बाहेरची वाफ धरली, दोन्ही काचा पांढऱ्या. काही दिसत न्हाई, हात पुढं करून आंधळ्यासारखा चालत आला, एका हमालाचे खांदे धरले, तो मी समजून त्याला हलवायला लागला.

"चुकली! आप्पा, चुकली!"

"मी इकडं हाय," मी म्हणलो.

तो माझ्याकडं वळला. "चुकली! गारठ्यातबी चुकली! बाकी उलटी आली! उलटी!" आन नाचायला लागला. घोंगडी पांघरून, भर उन्हात, लग्नातले मोजे घालून. दात सगळे बाहेर. एक हमाल उठून बसला आन म्हणला, "शेठच्या डोक्यात थंडी भरली." मॅनेजर धावत आला, त्याला वाटलं आत आग लागली.

पुढं सगळं नीट झालं, ते आत्ताच सांगून टाकतो. उन्हाच्या खोडी शेठनं सोता काढून टाकल्या. पहिली तशीच राह्यली. पाटलानं घर ठेवलं आन खाली शेळीचं विचारलं. शेठ गेल्यावर घर दुसऱ्या कुणीतरी हाती घेतलं म्हणतात, भाभीला पत्र आलंय. पण त्या दुपारी ह्यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. त्या दुपारी नुसता एक माणूस होता, ज्याचं यंत्र चुकलं म्हणून तो घामानं निथळत नाचून राह्यला होता.

मी म्हणलो, "घोंगडी काढ, मरशील. चल, पाटलाला कळव जल्दी."

शेठनं चष्मा पुसला, परत डोळ्यावर ठेवला, आन लोखंडी दाराकडं वळला.

"अरे, आता परत कुठं?"

"एकदा चुकली म्हणजे काय झालं आप्पा? एकदा तर कुणीबी चुकतं. परत परत तशीच चुकली पाहिजे. तवा ती खोड तिची."

घोंगडी अंगाभवती ओढून तो आत गेला. दार लागलं. दाराखालून थोडा गारवा माझ्या पायावर आला आन बघता बघता उन्हात मिसळून गेला.